खोकल्याची बाटली
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान, स्मरणिकेसाठी लिहून काढलेले)



यंदाच्या मेळाव्यात आरोग्यविषयक चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारिणीने आम्हांस केली, तेव्हा प्रथम आम्ही संकोचलो. आपल्या ज्ञातीत आज डॉक्टरांची वाण नाही. त्यांपैकी काही या सभागृहात समोरच बसले आहेत. त्यांच्या देखत जुन्या अकरावीची मॅट्रिक झालेल्या व छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत खडू झिजविलेल्या मास्तराने औषधांविषयी बोलावे हे औचित्यास धरून होईल काय, असे आम्ही चिटणीसांस विचारले. ते म्हणाले, "मास्तर, दवाखान्यात गेल्यावर काय करायचे ते डॉक्टर सांगतीलच. दवाखान्यात जाण्यापूर्वी आपली माणसे काय करतात, त्यावर तुम्ही बोला."

दवाखान्यात जाण्यापूर्वी आपण सर्वजण जे हमखास करतो ते म्हणजे औषधाच्या दुकानात जाऊन खोकल्याची बाटली आणणे. तोच विषय आम्ही घेतला. एक तर हा प्रश्न मुख्यतः वाचनाचा आहे, आणि वाचन हा आमचा जन्माचा व्यवसाय. दुसरे असे की, या मेळाव्यास आलेल्या कुटुंबांपैकी ज्यांच्या फडताळात अर्धी उरलेली बाटली नाही असे कुटुंब विरळाच सापडेल. भाषणाचे टाचण आपल्या ज्ञातीतील दोन डॉक्टरांस आम्ही आधीच दाखविले होते, आणि त्यांनी जे खोडले ते येथे येणार नाही.

दुकानापासूनच आरंभ करू. मध्यंतरी आम्ही आमचे रक्तदाबाचे औषध आणण्यास गेलो असता गर्दीमुळे बराच वेळ तिष्ठत होतो. तेवढ्या वेळात चौघेजण खोकल्याचे औषध घेऊन गेले. चौघांनीही फक्त "खोकल्याचे द्या" एवढेच म्हटले. फळीमागील मुलाने एकास "कोरडा की ओला?" असे विचारले, उरलेल्या तिघांस तेही नाही. औषध कोणासाठी, त्याचे वय काय, त्यास दुसरी कोणती औषधे चालू आहेत, हे ना विकणाऱ्याने विचारले ना घेणाऱ्याने सांगितले. यांपैकी पुष्कळशा बाटल्यांवर 'डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विक्री करू नये' अशा अर्थाची सूचना बारीक इंग्रजी अक्षरांत छापलेली असते. ती विकणारा वाचत नाही आणि घेणाराही वाचत नाही. साबण घेतानासुद्धा आपण वास घेऊन, दोन कागद उलटसुलट करून पाहतो. मग पोटात घ्यावयाच्या पदार्थाविषयी ही बेफिकिरी का, याचे आम्हांस नवल वाटते.

आता खोकला म्हणजे काय ते पाहू. खोकला हा रोग नव्हे, ती शरीराची राखण आहे. श्वासनलिकेत धूळ, कफ अथवा अन्नाचा कण अडकला की तेथील मज्जातंतू मेंदूच्या खालच्या भागातील केंद्रास वर्दी देतात, आणि ते केंद्र छाती व पोटाच्या स्नायूंस हुकूम सोडून आतील हवा मोठ्या जोराने बाहेर फेकते. सर्दीपडशात घशाचे व श्वासनलिकेचे अस्तर सुजते, त्यामुळे आत विशेष काही नसतानाही वर्दी जात राहते. हाच कोरडा खोकला. जेव्हा बेडका सुटतो तेव्हा तो ओला. खोकला दाबणारे औषध सूज उतरवीत नाही, जंतू मारीत नाही, आणि दुखणे एक दिवसानेही आखूड करीत नाही. ते केवळ त्या केंद्राची जाग कमी करते. दारावरील कुत्रा वाऱ्याच्या झुळकेवर भुंकत असेल तर त्यास गप्प करणे ठीक, परंतु खरोखरच कोणी कुंपण ओलांडीत असता त्याचे तोंड बांधणे हे शहाणपणाचे नव्हे. ओला खोकला, न्युमोनिया आणि दमा यांत खोकला दाबणारे औषध आपल्या मनाने घेऊ नये ते याच कारणास्तव.

साध्या सर्दीनंतरचा खोकला दोन ते तीन आठवडे रेंगाळतो. सर्वसामान्यांची समजूत आठवड्याची असते, त्यामुळे आठव्या दिवशी दुसरी बाटली येते आणि बाराव्या दिवशी तिसरी. खोकला त्याच्या नियमाने अठराव्या दिवशी थांबला की यश तिसऱ्या बाटलीस जाते. या औषधांच्या परिणामकारकतेविषयी जे अभ्यास झाले आहेत त्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्यांचा निष्कर्ष असा की, दुकानातून चिठ्ठीवाचून मिळणाऱ्या खोकल्याच्या औषधांचा निश्चित फायदा होतो असे म्हणण्याजोगा भक्कम पुरावा नाही. म्हणून बाटली कधीच घेऊ नये असे आम्ही म्हणत नाही. मोठ्या माणसास कोरड्या ढासेने रात्रभर झोप नाही, दुसऱ्या दिवशी कामावर जाणे प्राप्त आहे, अशा वेळी दोनचार रात्री आराम मिळाला तर तो हवाच. परंतु आपण विकत घेतो तो आराम, उपचार नव्हे, हे घेणाऱ्यास ठाऊक असावे.

थोडा इतिहास सांगण्याचा मोह मास्तरास आवरत नाही. १८९८ साली एका जर्मन कंपनीने खोकल्यावरील उत्तम उपाय म्हणून जे औषध बाजारात आणले त्याचे नाव हेरॉइन. आज त्या नावाने पोलीस धावतात. अफूपासूनच निघणारे कोडीन हे दुसरे औषध. ते खोकला दाबते हे खरे, पण त्याची सवय जडते, बद्धकोष्ठ होतो, आणि काहींच्या शरीरात त्याचे मॉर्फीनमध्ये रूपांतर इतक्या वेगाने होते की श्वास मंदावतो. युरोपात २०१५ पासून व अमेरिकेत २०१७ पासून बारा वर्षांखालील मुलांस ते खोकल्यासाठी देण्यास मनाई आहे. आपल्याकडे ते २०१४ पासून 'शेड्यूल एच-१' या कडक यादीत आहे. दुकानदाराने चिठ्ठी पाहून, डॉक्टरांचे व रुग्णाचे नाव वेगळ्या वहीत लिहूनच ते द्यावयाचे असते. घरातील तरुण मुलाच्या खोलीत खोकल्याच्या रिकाम्या बाटल्या एकाहून अधिक सापडू लागल्या, तर त्यास खोकला आहे असे आईबापांनी गृहीत धरू नये. हा विषय नाजूक आहे, आम्ही एवढ्यावरच थांबतो.

कोडीनची सवय नको म्हणून जे औषध पुढे आले ते डेक्स्ट्रोमेथॉर्फन. १९५८ पासून ते अमेरिकेत चिठ्ठीवाचून विकले जाऊ लागले. आपल्याकडील कोरड्या खोकल्याच्या बहुतेक बाटल्यांत ते असते, आणि त्याचे लांबलचक नाव 'घटक' या सदराखाली छापलेले असते. येथे आमच्या वाचनाच्या तासास आरंभ होतो.

बाटलीचे दर्शनी नाव वाचून काही उपयोग नाही. एकाच नावापुढे एखादे अक्षर बदलून चार निरनिराळ्या बाटल्या निघतात, आणि आतील घटक अगदी वेगळे असतात. वाचावयाचे ते घटक. ते अनेक असले तरी घराणी मोजकीच आहेत. पहिले घराणे खोकला दाबणाऱ्यांचे, त्यात डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि कोडीन. दुसरे कफ सोडविणाऱ्यांचे, त्यात ग्वायफेनेसिन, ब्रोमहेक्झिन, अँब्रोक्सॉल. तिसरे शिंका व वाहते नाक थांबविणाऱ्यांचे, त्यात क्लोरफेनिरामीन, डायफेनहायड्रामीन इत्यादी, ज्यांनी झोप येते. चौथे चोंदलेले नाक मोकळे करणाऱ्यांचे, त्यात फिनाइलेफ्रिन. काही बाटल्यांत टर्ब्युटालिनसारखे श्वासनलिका रुंदावणारे औषधही असते, ज्याने हात कापतात व छातीत धडधडते. आता गंमत अशी की, काही बाटल्यांत पहिले व दुसरे घराणे एकत्र नांदविलेले असते. एकीकडे कफ सुटा करावयाचा आणि दुसरीकडे तो बाहेर टाकणारा खोकला दाबावयाचा, हा न्याय आमच्या सामान्य बुद्धीस उमगला नाही. टाचण तपासणाऱ्या डॉक्टरांनाही विचारले, त्यांनी नुसतेच स्मित केले. मोठ्या माणसास कोरड्या खोकल्यासाठी औषध घ्यावयाचेच झाले तर ज्यात एकच घटक आहे, आणि तो ज्या त्रासासाठी हवा त्याचाच आहे, अशी बाटली मागावी. फळीमागील मुलास न विचारता दुकानातील फार्मासिस्टास विचारावे. त्यास बोलावून घेण्यात संकोच नसावा, तो त्याचसाठी तेथे असतो.

मात्रेचे गणित सांगतो. डेक्स्ट्रोमेथॉर्फनची मोठ्या माणसाची मात्रा एका वेळी १० ते २० मिलिग्रॅम दर चार तासांनी, अथवा ३० मिलिग्रॅम दर सहा ते आठ तासांनी, आणि चोवीस तासांत कोणत्याही परिस्थितीत १२० मिलिग्रॅमहून अधिक नाही. परंतु पाच मिलिलिटरमध्ये एका बाटलीत १० मिलिग्रॅम, तर दुसरीत १५ असू शकते. म्हणजे 'दोन चमचे' हे उत्तर बाटली पाहिल्यावाचून अर्धवटच. आणि चमचा कोणता? चहाचा, पोह्यांचा की मिठाच्या डब्यातला? घरातील चमच्यांची मापे निरनिराळी असतात. बाटलीबरोबर खुणा केलेले झाकण अथवा पेला येतो, तोच वापरावा, आणि तोही डोळ्यांच्या रेषेत धरून. बाटलीस तोंड लावून घोट घेणाऱ्या एका गृहस्थांस आम्ही ओळखतो. त्यांस आपण गणिताचे प्राध्यापक होतो याचा विसर पडलेला दिसतो!

आपल्या सभासदांत साठी ओलांडलेल्यांची संख्या मोठी आहे, म्हणून त्यांच्यासाठी येथे जरा थांबले पाहिजे. झोप आणणाऱ्या घराण्यातील घटक वृद्धांस फार बाधतात. रात्री लघवीस उठताना तोल जातो, आणि मांडीचे हाड मोडणे हे खोकल्याहून कितीतरी महाग आहे. प्रोस्टेट ग्रंथी वाढलेल्यांची लघवी त्यांनी अडते, आणि काही प्रकारच्या काचबिंदूत डोळ्यातील दाब एकाएकी चढतो. रक्तदाब असणाऱ्यांनी फिनाइलेफ्रिन टाळावे. मधुमेह्यांनी साखरेच्या पाकातील औषध टाळून बिनसाखरेचे मागावे, मात्र त्यातील सॉर्बिटॉलने कधी पोट ढळते हेही जाणून असावे. मनाच्या उदासीनतेवर फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन यांसारख्या गोळ्या चालू असतील तर डेक्स्ट्रोमेथॉर्फन डॉक्टरांस विचारल्यावाचून घेऊच नये. दोहोंच्या संगतीने अंग कापणे, ताप, घाबरेपणा, बुद्धिभ्रम अशी गंभीर लक्षणे उद्भवू शकतात. अशा गोळ्या घेत असल्याचे लोक चारचौघांत सांगत नाहीत. लाजू नये, दुकानदाराच्या कानात सांगावे. सर्दीखोकल्याच्या मिश्र औषधांत पुष्कळदा पॅरासिटामॉलही असते. वर तापासाठी त्याचीच गोळी वेगळी घेतली तर ते दुप्पट जाते आणि यकृतास इजा होते. औषध घेऊन मद्य घेऊ नये आणि वाहन हाकू नये, हे तर बाटलीवरच लिहिलेले असते.

आणखी एक गोष्ट आम्ही प्रत्यक्ष पाहिलेली आहे. आमचे एक निवृत्त सहकारी चार महिने कोरड्या ढासेने बेजार होते. तीन दुकानांच्या सात बाटल्या झाल्या. अखेर डॉक्टरांनी त्यांची रक्तदाबाची गोळी पाहिली. ती एनालाप्रिल होती. त्या वर्गातील गोळ्यांनी, रामिप्रिल आणि लिसिनोप्रिलही त्यांतच येतात, काहींस असा कोरडा खोकला होतो. गोळी बदलली आणि काही आठवड्यांत ढास गेली. मात्र रक्तदाबाची गोळी आपण होऊन बंद करावयाची नाही, बदलावयाची ती डॉक्टरांनीच.

आता बालकांकडे वळू. ज्यासाठी हे व्याख्यान देण्याचे आम्ही मान्य केले तो भाग हाच.

चौथीच्या वर्गात आमचा एक विद्यार्थी सकाळच्या प्रार्थनेनंतर बाकावर डोके टेकून झोपला तो मधल्या सुट्टीपर्यंत उठेना. हलविले तर डोळे अर्धवट उघडी आणि पुन्हा मिटी. घरी निरोप धाडला तेव्हा उलगडा झाला की, शाळा बुडू नये म्हणून आजीने आजोबांच्या बाटलीतील दोन चमचे औषध त्यास पाजले होते. मुलगा संध्याकाळी ठीक झाला. आजीचा हेतू प्रेमाचाच होता. परंतु मोठ्यांच्या औषधाची मात्रा निम्मी केली की ते मुलांचे औषध होते, ही समजूत चूक आहे. लहान मुलाचे यकृत, मूत्रपिंड आणि श्वासाचे केंद्र ही मोठ्यांच्या इंद्रियांची छोटी प्रतिकृती नव्हे.

केंद्र सरकारच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने ३ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्व राज्यांस कळविले की, दोन वर्षांखालील बालकांस खोकला व सर्दीची औषधे देऊ नयेत, पाच वर्षांखालील मुलांस ती सामान्यतः योग्य नाहीत, आणि त्यापुढेही ती डॉक्टरांनी नीट तपासूनच द्यावीत. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये क्लोरफेनिरामीन आणि फिनाइलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांस देऊ नये, अशी सूचना बाटलीवर छापण्याचा आदेश निघाला होता.

ऑक्टोबर २०२५ चे ते पत्रक कशामुळे निघाले हे आपण वर्तमानपत्रांत वाचलेच आहे. मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात साध्या सर्दीखोकल्यासाठी औषध दिलेल्या लहान मुलांची लघवी बंद झाली, मूत्रपिंडे निकामी झाली, आणि वीसहून अधिक बालके दगावली. त्यांपैकी अनेकांस उपचारासाठी आपल्या नागपुरास आणले होते. तामिळनाडूतील कारखान्यात बनलेल्या त्या औषधाचा नमुना तेथील शासकीय प्रयोगशाळेत तपासला असता त्यात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल आढळले. या पदार्थाची कमाल मर्यादा ०.१ टक्का आहे.

हा पदार्थ औषधात येतो कोठून? पातळ औषध विरघळविण्यासाठी व गोड करण्यासाठी ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल यांसारखे दाट द्रव वापरतात. औषधासाठी शुद्ध केलेला माल महाग, कारखान्यांच्या उपयोगाचा माल स्वस्त. स्वस्त मालात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेले असू शकते. बनविणाऱ्याने प्रत्येक पिंप तपासून घ्यावयाचे असते, आणि जो तपासत नाही त्याच्या हातून हे विष बाटलीत उतरते. ही नवी गोष्टही नव्हे. अमेरिकेत १९३७ साली एका औषधात विरघळविण्यासाठी हेच द्रव्य वापरल्याने शंभराहून अधिक माणसे मेली, आणि १९३८ चा औषधविषयक कायदा त्यातूनच झाला. आपल्या मुंबईत १९८६ साली जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरीनने चौदा रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली होती, हे आमच्या वयाच्या मंडळींस आठवत असेल. जम्मूतील रामनगर भागात २०१९-२० च्या हिवाळ्यात, आणि आफ्रिकेतील गांबिया व पुढे उझबेकिस्तान येथे २०२२ साली, खोकल्याच्या दूषित औषधांशी बालमृत्यूंचा संबंध जोडला गेला. गांबियातील बालकांची संख्या सत्तरच्या आसपास होती, आणि औषध आपल्या देशात बनलेले होते. अठ्ठ्याऐंशी वर्षे तोच पदार्थ, तीच चूक आणि तीच लहान मुले! या बाबतीत आम्हांस सौम्य शब्द सुचत नाहीत.

आपल्या हाती काय आहे? चवीने हे विष ओळखता येत नाही, ते गोडच लागते. रंगाने, वासाने कळत नाही. म्हणून पहिला उपाय हाच की, ज्या औषधाची लहान मुलास गरजच नाही ते त्याच्या पोटात जाऊ देऊ नये. मोठ्या मुलास डॉक्टरांनी लिहून दिलेच तर परवाना असलेल्या दुकानातून पावती घेऊन आणावे. बाटली संपेपर्यंत पावती जपून ठेवावी, आणि बाटलीवरील बॅच क्रमांक, मुदतीची तारीख व उत्पादकाचे नाव वाचावे. एखाद्या बॅचविरुद्ध सरकारी इशारा निघाला तर आपल्या घरातील बाटली तीच आहे किंवा कसे हे कळण्याचा दुसरा मार्ग नाही. औषध घेतल्यावर मुलास उलट्या होऊ लागल्या, ते मलूल झाले, अथवा सहा-आठ तास लघवी झाली नाही, तर बाटली बरोबर घेऊन तडक मोठ्या रुग्णालयात जावे.

व्याख्यान चालू असतानाच एका भगिनीने उठून विचारले, "मास्तर, बाटली द्यायची नाही, मग मूल रात्री दोन वाजता खोकत असेल तर आईने करायचे काय?" प्रश्न रास्त होता. एक वर्षाहून मोठ्या मुलास झोपण्यापूर्वी अर्धा ते एक चमचा मध द्यावा. रात्रीच्या खोकल्यावर मधाचा काहीसा उपयोग होतो असे परदेशातील वैद्यकीय मार्गदर्शिकाही सांगतात. परंतु एक वर्षाखालील बाळास मध मुळीच देऊ नये. मधातील एका प्रकारच्या जंतूंच्या बीजांनी तान्ह्या बाळास बोटुलिझम नावाचा, अंग लुळे पाडणारा विकार होऊ शकतो. आपल्याकडे जन्मलेल्या बाळास मध चाटविण्याची प्रथा आहे, आणि गुटीही मधात उगाळून देतात. आमच्या वडीलधाऱ्या भगिनींस हे ऐकून वाईट वाटेल, तरी एवढी प्रथा सोडावी अशी आमची हात जोडून विनंती आहे. मुलास कोमट पाणी, वरणाचे पाणी, अंगावर पिणाऱ्यास आईचे दूध वारंवार द्यावे. नाक चोंदले असेल तर मिठाच्या पाण्याचे थेंब औषधाच्या दुकानात मिळतात, ते घालावेत. उकळत्या पाण्याच्या भांड्याशी मुलास वाफारा देऊ नये, भांडे कलंडून पोळल्याच्या घटना होतात. कापूर असलेला बाम दोन वर्षांखालील बाळास लावू नये, आणि कापराची वडी मुलाच्या हाती लागू देऊ नये. ती पोटात गेल्यास झटके येतात.

मोठ्या माणसांसाठी मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, आल्याचा रस व मध, खडीसाखर तोंडात धरणे, हे घरगुती उपाय घसा ओला ठेवतात आणि ढास कमी करतात. अडुळशाविषयी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. वर ज्या ब्रोमहेक्झिनचे नाव घेतले ते अडुळशातील व्हॅसिसीन या द्रव्यावरून बनविलेले आहे. म्हणजे आजीची पाने आणि दुकानातील बाटली यांचे नाते आहे. पण ज्यात गुण असतो त्यात अवगुणही असतो. गरोदर स्त्रियांनी अडुळसा घेऊ नये, आणि जेष्ठमध रोज बरेच दिवस चघळल्याने रक्तदाब चढतो व अंगातील पोटॅशियम घटते. 'झाडपाल्याचे आहे, अपाय काय होणार' हे वाक्य आम्ही फार वेळा ऐकले आहे.

जेथे बाटलीचा, मधाचा वा काढ्याचा विचारच करू नये असे प्रसंग थोडक्यात सांगतो. खोकला दोन आठवड्यांहून अधिक राहिला तर बेडक्याची क्षयासाठी तपासणी करून घ्यावी. सरकारी केंद्रांत ती विनामूल्य होते व औषधेही विनामूल्य मिळतात. आपल्या ज्ञातीत 'आमच्या घराण्यात तो रोग नाही' असे म्हणून तपासणी टाळणारे पुष्कळ आहेत. लग्न जमविताना अडचण येईल ही भीती त्यामागे असते. क्षय लपविल्याने घरातील नातवंडांस होतो, उपचाराने बरा होतो. बेडक्यात रक्त, धाप, छातीत दुखणे, उतरत नसलेला ताप, घटणारे वजन, यांपैकी काहीही असल्यास दोन आठवडेही थांबू नये. जे मूल फक्त रात्री अथवा कवायतीच्या तासाला धावल्यावरच खोकते त्यास बहुधा दमा असतो. शाळेत आम्ही अशी मुले पाहिली आहेत, आणि त्यांच्या दप्तरांतून बाटल्याही. दम्यास फवाऱ्याचे औषध लागते. आणि अगदी धडधाकट खेळणारे लहान मूल एकाएकी ठसकून खोकू लागले, तर शेंगदाणा किंवा फुटाणा श्वासनलिकेत गेला असे समजून त्याच घटकेस रुग्णालय गाठावे.

शेवटी मंडळाशी संबंधित एक बाब. आपल्या कार्यालयात गरजूंसाठी औषधांची पेटी ठेवलेली आहे, आणि सभासद घरी उरलेली औषधे तीत आणून टाकतात. हेतू स्तुत्य आहे. परंतु व्याख्यानाच्या आठवडाभर आधी आम्ही चिटणीसांच्या समक्ष ती पेटी उघडून पाहिली. तीत खोकल्याच्या एकोणीस बाटल्या होत्या. अकरा उघडलेल्या, सहांची मुदत संपलेली, आणि चारांवर लेबलच नव्हते. लहान मुलांसाठी म्हणून कोणी दिलेल्या तीन बाटल्याही त्यांत होत्या. ही औषधे वसतिगृहातील मुलांस व आपल्याच ज्ञातीतील गरीब कुटुंबांस दिली जातात. ज्यास दवाखाना परवडत नाही त्याच्या मुलास आपण हे पाजावे काय? आम्ही कार्यकारिणीस लेखी सुचविले आहे की, यापुढे पेटीत कोणतेही पातळ औषध स्वीकारू नये, गोळ्याही फक्त न फोडलेल्या पाकिटातील, लेबलासह आणि मुदत शिल्लक असलेल्याच घ्याव्यात, व त्या आपल्या डॉक्टर सभासदांपैकी एकाने पाहिल्यावाचून कोणास देऊ नयेत. जमलेल्या बाटल्या गटारात न ओतता शहरातील ज्या औषधविक्रेत्यांनी परत घेण्याची तयारी दाखविली आहे त्यांच्याकडे चिटणीस पोहोचवतील. ठराव पुढील बैठकीत येणार आहे. तोपर्यंत पेटीस कुलूप लावले असून किल्ली कोषाध्यक्षांकडे आहे.